विजोड जोडीचे धुरकरी

'थर्मामीटर' आणि 'गॉसिप' या दोन शब्दांत फरक काय, असं तुम्हाला कोणी रस्त्यात विचारलं तर तुम्ही आधी त्या माणसाकडे बघाल, मग घड्याळाकडे बघाल आणि निघून जाल. मी जाणार नाही. मी हातातली पिशवी खाली ठेवीन आणि सांगीन की थर्मामीटर तोंडात जातो आणि ताप किती आहे ते सांगतो. गॉसिप तोंडातून बाहेर पडतं आणि ताप वाढवतं. पहिला काम झालं की झटकून डबीत ठेवता येतो, दुसरं कितीही झटकलं तरी कुणाच्या ना कुणाच्या अंगाला लागून राहतं. एवढं बोलून पिशवी उचलीन आणि चालू लागेन. हे वेड मला आमच्या इंग्रजीच्या सरांनी लावलं. बऱ्याच लोकांना अशा गोष्टी सांगताना लाज वाटते. मला नाही वाटत.

मी आष्टीकडची. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. बाबा भाजी पिकवतात आणि आठवडी बाजारात विकतात, आईही त्यांच्याबरोबर बसते. मी बोरगाव मेघेला मावशीकडे राहून वर्ध्याच्या एका कॉलेजात बी. ए. केलं, आणि ते 'केलं' या शब्दात जेवढं काम बसतं तेवढं सगळं करून केलं. इंग्रजीला मात्र मी बारावीपर्यंत गल्लीतल्या चावऱ्या कुत्र्यासारखी भीत होते. नजर द्यायची नाही, पळायचं नाही, कडेकडेनं निघून जायचं.

पहिल्या तासाला सर आले. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात दोन खडू: एक पांढरा, एक पिवळा. त्यामुळे त्यांच्या सगळ्या शर्टांच्या खिशावर एक फिकट ढग कायमचा उतरलेला असायचा. त्यांनी नाव विचारलं नाही, हजेरी घेतली नाही. फळ्यावर एक आडवी रेघ ओढली आणि म्हणाले, "हे जू." रेघेच्या एका टोकाला पांढऱ्या खडूनं लिहिलं 'कॉलीफ्लॉवर', दुसऱ्या टोकाला पिवळ्यानं 'डेडलाइन'. मग हात झटकून बाकाच्या टोकावर टेकले.

"हे दोन बैल. आता मले सांगा, दोघाईत फरक काय आन् सारखं काय."

एका मुलानं धीर करून विचारलं की सर, दोघांचा संबंध काय? सर एकदम खूश झाले. म्हणाले, बस, हाच आपला प्रश्न. या वर्गात कोणी 'संबंध काय' म्हटलं की समजायचं घंटा झाली. ज्याच्या कानावर पडलं त्यानं हात वर करायचा.

हात कोणाचाच वर झाला नाही. शेवटी मी विचारलं की डेडलाइन म्हणजे काय. सर म्हणाले, ज्या दिवसाच्या आत काम व्हायलाच पाहिजे तो दिवस. आणि फुलकोबी म्हणजे काय हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "सर, फुलकोबी आज तोडली नाई तं उद्या पिवळी पडते, परवा फुटून जाते. मंग दोघाईलेही शेवटचा दिवस असते. फरक एवढाच, का फुलकोबी सोताच दाखवते का तिचा दिवस गेला. डेडलाइन नाई दाखवत. ते साहेब दाखवते."

सर बाकावरून उठले. "कोणाची पोरगी तू?"

मी बाबांचं सांगितलं, वावराचं सांगितलं, बाजाराचं सांगितलं.

"मंग तुले इंग्रजी येते," ते म्हणाले. "फक्त आजवर कोणी तुले सांगितलं नाई."

घरी जाताना मी मावशीच्या गल्लीतल्या खऱ्याखुऱ्या कुत्र्याकडेही नजर रोखून पाहिलं. ते बाजूला झालं.

सरांचे वडील बैलजोडी राखून होते, आणि सरांचं लहानपण बंडीवर गेलं होतं. बंडी हाकणाऱ्याला आमच्याकडे धुरकरी म्हणतात. सर स्वतःला शब्दांचा धुरकरी म्हणवून घ्यायचे. बैल विकत घेणारा माणूस जसा पाहतो तसंच शब्दाकडे पाहायचं, ही त्यांची पद्धत. आधी दात. दात म्हणजे अर्थ: शब्दाचं वय काय, पोटात काय आहे. मग चाल. चाल म्हणजे वापर: तो कोणाबरोबर चालतो, कोणाबरोबर अडतो, कोणत्या रस्त्यानं गेला की बसतोच. आणि शेवटी बंडी: दोघांना एका वाक्यात जुंपून एक फेरी मारून आणायची. वाक्य उलटलं तर धुरकरी कच्चा.

"शब्दाले एकट्याले विचारलं तं थो खोटं बोलते," ते म्हणायचे. "जुंपला का खरा कळते."

एकदा त्यांनी 'प्रॉमिस' आणि 'अम्ब्रेला' जुंपले. दात पाहिले: एक दिसतं, एक दिसत नाही, दोन्ही उघडल्याशिवाय त्यांना किती भोकं आहेत ते कळत नाही. चाल पाहिली: इंग्रजीत दोन्ही तुटतात, आणि दोन्ही 'कीप' करतात. आता मजा पाहा, सर म्हणाले. प्रॉमिस 'कीप' केलं म्हणजे पाळलं, म्हणजे ते कामाला लागलं. अम्ब्रेला 'कीप' केली म्हणजे कोपऱ्यात ठेवली, म्हणजे ती कामावरून सुटली. एकाच हाकेनं एक बैल उठला आणि दुसरा बसला. हे कोणत्या डिक्शनरीत सापडते ते मले दाखवा. मागून नाचणगावची एक मुलगी म्हणाली की सर, दोन्ही आपण लोकांच्या घरी विसरून येतो. त्यावर सरांनी तिला खिशातला पिवळा खडू बक्षीस दिला. तो तिनं खूप दिवस पर्समध्ये ठेवला होता. आत सगळं पिवळं झालं.

'ॲपॉलॉजी' आणि 'लॅडर'ची जोडी तर कॉलेजभर गाजली. शिडीनं माणूस वर जातो, माफीनं खाली येतो. शिडीला टेकायला भिंत लागते, माफीला टेकायला समोरचा माणूस. समोरचा सरकला की दोन्ही आपटतात. आमच्यातला एक बोरगावचा मुलगा होता, वर्गात सगळ्यात हळू आणि सगळ्यात खोल. तो म्हणाला, "सर, शिडी मागाले शेजारी दहा वेळा येते. माफी मागाले येत नाई." सर त्या दिवशी पुढचा तास शिकवूच शकले नाहीत. स्टाफरूममध्ये जाऊन प्रत्येकाला ते वाक्य ऐकवत बसले.

एक गोष्ट मात्र ते कधीच करायचे नाहीत. सारख्या अर्थाच्या शब्दांतला फरक शिकवायचे नाहीत. "बिग आन् लार्ज? एका दावणीचे गोऱ्हे ते. त्यायले जुंपाले धुरकरी कायले पाहिजे, सोताच जाऊन उभे राहतात जुवात." पुस्तकात तो धडा होता. सर तो धडा आला की पान उलटायचे, आणि आम्ही त्यांच्याबरोबर उलटायचो. हे पान पुढे आमच्या अंगावर येणार होतं.

सरांच्या घरी काकू होत्या. त्या ब्लाउज शिवायच्या आणि साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या, आणि त्यांचं सगळं बोलणं मशीनच्या लयीत व्हायचं. मी एकदा फॉल लावायला गेले तेव्हा त्या सरांना बाजारातून आणायचं सामान सांगत होत्या: सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला म्हणतात), चार्जर आणि लिंबं. सर गेल्यावर मला म्हणाल्या की लिंबं घरात आहेत. मी विचारलं, मग कशाला मागवली? मशीन थांबवून म्हणाल्या, "दोनच वस्तू सांगतल्या तं हे रस्त्यातच जुंपते ना बाई त्यायले. मंग सांबारही नाई आन् चार्जरही नाई, चौकात उभं राहून कोणाले तरी फरक सांगत बसते. तीन सांगतल्या का याईचा हिशोब बिघडते, मंग सामान घरी येते." त्यांच्या घरी लिंबांचं लोणचं बाराही महिने का असतं ते मला तेव्हा कळलं.

नातलगांच्या लग्नात त्यांना कोणी माइक देत नसे. एकदा दिला होता. नवरा-नवरीला आशीर्वाद द्यायचे म्हणून उठले आणि 'रिसेप्शन' व 'रिचार्ज' यांची जोडी घेऊन इतके रंगले की पंगत बसली, उठली, दुसरी बसली. नवरीचे वडील माइकची वायर शोधत मंडपाच्या मागे फिरत होते. आणि तरी निघताना चार माणसं सरांच्या मागे लागलीच की ते दुसरं काय ते, रिचार्जचं, पुन्हा एकदा सांगा.

मोबाइलच्या स्टेटसवर रोज सकाळी दोन शब्द असायचे. बाकी काही नाही. कॉलेजसमोरचा टपरीवाला भाऊ ते पहिल्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचा आणि चहा होईपर्यंत उत्तर मागायचा. टपरीवर नुसता चहा प्यायला येणाऱ्या माणसाची मोठी पंचाईत व्हायची.

आता मुद्द्यावर येते. सर आमच्या कॉलेजात तासिकेवर होते. म्हणजे कॉलेजला लागतील तेवढे तास शिकवायचे, उन्हाळा लागला की घरी बसायचं, आणि पावसाळ्यात पुन्हा बोलावणं येतं का याची वाट पाहायची. कित्येक वर्षं असंच चाललं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं कायम झाली, सर तासिकेवरच राहिले. मी शेवटच्या वर्षाला असताना इंग्रजीची एक कायम जागा निघाली. काकूंच्या भावाचं हिंगणघाटला टाइल्सचं दुकान होतं आणि तो सरांना केव्हापासून बोलावत होता. काकूंनी सरांना सांगितलं की हे शेवटचं. या वेळी झालं तर झालं, नाही तर टाइल्स. आणि मुलाखतीत जर एक जरी बैल जुवाखाली आणला, तर मी तुमच्या आधी हिंगणघाटला जाऊन बसते.

सरांनी वचन दिलं. मुलाखत होईपर्यंत दोन विजोड शब्द एका दमात उच्चारणार नाही, जुंपणं तर लांबच.

मग सुरू झाला तो काळ आठवला की मला आजही हसू आवरत नाही. तंबाखूचा खर्रा सोडलेला माणूस जसा फिरतो तसे सर फिरू लागले. हात खिशाकडे जायचा आणि परत यायचा. तोंडात बडीशेप. स्टेटसवर पहिल्याच दिवशी गुलाबाचं फूल आणि खाली 'शुभ सकाळ'. ते पाहून त्यांच्या मावसभावानं, साळ्यानं आणि एका जुन्या विद्यार्थ्यानं फोन करून विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. वचनाची बातमी टपरीवाल्याला कळली आणि त्यानं पहाराच बसवला. सर आले की रेडिओ बंद. कोणी 'ट्रॅफिक' म्हटलं आणि लगेच दुसऱ्यानं 'बिस्किट' म्हटलं तर टपरीवाला मधे पडायचा: "ए, सरासमोर एक एकच बोला ना बे. माणूस सोडून राह्यला." दुकानांच्या पाट्या ही मोठीच अडचण. एका पाटीवर 'टायर रिमोल्डिंग', शेजारच्या पाटीवर 'ब्रायडल मेकअप'. सर तिथून मान खाली घालून स्कूटर न्यायचे. मी मागून पाहिलंय, त्यांचे कान लाल व्हायचे.

आम्ही मुलांनीही ठरवलं की आपल्यामुळे सरांचं नुकसान नको. मुलाखतीत प्रत्येक उमेदवारानं पाहुण्यांसमोर वर्गावर एक तास घेऊन दाखवायचा होता, आणि वर्ग आमचाच होता. साधा वर्ग कसा दिसतो याची आम्ही तालीम केली. एक गाइड आणलं आणि सारख्या शब्दांच्या जोड्या वाटून घेतल्या. नाचणगावचीला 'बिग-लार्ज', मला 'बिगिन-स्टार्ट', बोरगाववाल्याला 'फास्ट-क्विक'. तो ती जोडी सायकल चालवताना पाठ करायचा आणि म्हणायचा की मला कोणी दोनदा तेच सांगून राह्यलं असं वाटते.

मुलाखतीच्या दिवशी सरांचा नंबर शेवटचा होता. वर्गाच्या मागच्या बाजूला खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर नागपूरहून आलेले विषयतज्ज्ञ, बारीक फ्रेमचा चष्मा, बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. दुसरीवर संस्थेचे एक जुने संचालक. सगळे त्यांना दादाजी म्हणत. गावाकडे शेती, पांढरी टोपी, इंग्रजी येत नसल्याचं स्वतःच सगळ्यांना सांगायचे. त्यांच्या पलीकडे प्राचार्य. सकाळपासून उमेदवार ऐकून तिघंही पेंगुळले होते. मधेच तर्री-पोहे आले. तज्ज्ञांनी एक चमचा खाल्ला आणि शिपायाकडे मीठ मागितलं.

सरांना विषय दिला: सारख्या अर्थाचे शब्द. म्हणजे नेमकं तेच पान. पण सर वचनाचे पक्के. फळ्यावर 'बिग' लिहिलं, खाली 'लार्ज' लिहिलं, दोन्ही पांढऱ्याच खडूनं. आणि शिकवू लागले. इतकं कोरडं मी त्यांना कधी शिकवताना पाहिलं नव्हतं. आवाज असा की जणू कोणी बसस्टँडवर गाड्यांची वेळ सांगतंय. नाचणगावची माझ्या कानात म्हणाली, "मस्त चालू आहे. बेक्कार शिकवून राह्यले." आम्ही दोघी समाधानानं वहीत लिहीत राहिलो.

तज्ज्ञांनी जांभई दाबली आणि म्हणाले, आता मुलांना काही विचारतो. सारख्या अर्थाची जोडी सांगा. नाचणगावचीनं ताडकन सांगितलं, बिग-लार्ज. ते म्हणाले, ती फळ्यावरच आहे, पण ठीक. मग दोघांत फरक काय?

फरक. आम्ही जोड्या पाठ केल्या होत्या, फरक कोणी पाठ केला नव्हता. ते पान आम्ही कधी वाचलंच नव्हतं.

तज्ज्ञ बोरगाववाल्याकडे वळले. तू सांग, कोणतीही एक जोडी, तुझ्या मनानं. तो उभा राहिला. ओठ हलले, 'फास्ट-क्विक' कुठेतरी सायकलवरच पडलं असावं. त्याचं मन जिथं कायम चरायचं तिथं गेलं आणि तो म्हणाला, "प्रेशर कूकर आणि नॅशनॅलिटी."

प्राचार्यांनी डोळे मिटले. सर फळ्याकडे वळले.

तज्ज्ञ म्हणाले, "अरे, यांचा संबंध काय?"

त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. आमच्या वर्गात ती घंटा होती. अख्ख्या वर्गाचे हात वर झाले. तालीम, गाइड, वचन, टाइल्स, काही काही आठवलं नाही. दोन्हीत एकदा आत गेलं का मधातच झाकण उघडता येत नाई, एक म्हणाला. बदलाची असन तं शिट्ट्या होईस्तोवर थांबाव लागते, दुसरा. नाचणगावची म्हणाली, पण कूकर आपण दुकानातून निवडून आणतो, नॅशनॅलिटी पाळण्यात भेटते. आणि बोरगाववाला, ज्यानं हे सगळं केलं होतं, तो शांतपणे म्हणाला की दोन्ही जपून वापरले नाई तं स्फोट होते.

दादाजी खुर्चीत सरळ झाले. शेजारच्या प्राचार्यांना विचारलं की हे काय चाललंय, मले मराठीत सांगा. प्राचार्य म्हणाले, मराठीतच चाललंय.

तज्ज्ञांचा चेहरा ताठ झाला. इंग्रजीची ही थट्टा आहे असं त्यांना वाटलं. कोणतेही दोन शब्द कसे जुळतील, ते म्हणाले. त्यांनी हातातल्या बशीकडे पाहिलं, मग भिंतीवर लावलेल्या संविधानाच्या उद्देशिकेकडे पाहिलं. "बरं. सॉल्ट आणि जस्टिस. करा."

सर पाठमोरे. पुसलेला फळा पुन्हा पुसत होते. खांदे हलत होते. रडत होते की काय असं बाहेरच्याला वाटलं असतं, पण आम्हाला माहीत होतं की तो माणूस स्वतःला धरून उभा आहे.

"आधी दात," नाचणगावची म्हणाली. मिठाला एकट्याला कोणी खात नाही, पण नसलं की पहिल्याच घासाला कळतं. न्यायाचंही तसंच, असतो तेव्हा कोणी त्याचं नाव घेत नाही. दादाजी म्हणाले, हे पटलं. मग चाल. मीठ चिमटीनं मोजतात, न्याय तागडीनं, आणि दोन्हीत हात हलका की जड यावर सगळं. मी म्हटलं की तिन्हीसांजा झाल्या की कोणी शेजारणीला मीठ देत नाही, आणि कोर्टही संध्याकाळी बंद होतं. दादाजी इतके हसले की टोपी काढून मांडीवर ठेवावी लागली. म्हणाले, माझी आजी म्हणायची तेच, दिवा लागल्यावर मीठ घराबाहेर जात नाई.

तज्ज्ञ आता खुर्चीच्या कडेवर आले होते. पेंग कुठल्या कुठे. बोट वर करून म्हणाले, इथेच तुमची जोडी मोडते. मीठ कमी पडलं तर वरून घेता येतं. हे पाहा, मी आत्ता घेतलं. न्याय वरून घेता येतो का?

सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण स्वयंपाकाचं आणि वावराचं आलं की वर्गात माझ्याकडेच पाहायचे. मी उभी राहिले.

"सर, तुमी वरून मीठ घेतलं, थे जिभेले लागलं. पोह्यात मुरलं नाई. उशिरा भेटलेला न्यायही तसाच असते. नाव होते, चव येत नाई."

बोलून झालं आणि मग माझ्या लक्षात आलं की मी कोणासमोर काय बोलले. मनात सर नव्हते हो माझ्या, पोहेच होते. पण प्राचार्य बुटांकडे पाहू लागले. दादाजींनी हळूच मान वळवून सरांच्या पाठीकडे पाहिलं. आमच्यातल्या प्रत्येकाला वाटलं की झालं, संपलं, आता टाइल्स.

आणि सर वळले. चेहऱ्यावर राग नाही, दुःख नाही, काही नाही. शिष्यानं कच्ची बंडी हाकल्यावर धुरकऱ्याला जी कळ येते तेवढीच. वचन कुठल्या कुठे गेलं.

"चुकलं," ते मला म्हणाले. "अर्धीच फेरी मारली तू. उशिरा टाकलं म्हणून काय झालं? थोडं पाणी शिंपडाव, झाकण ठेवाव आन् एक वाफ काढाव. मुरते. घरी जाऊन करून पाह्य."

दादाजींनी टोपी डोक्यावर ठेवली. तज्ज्ञांनी बशीतला एक चमचा घेतला, चावला, विचार केला आणि दुसरा घेतला.

मग पाहुणे प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि दार लागलं. आम्ही व्हरांड्यात बसलो. सर पायरीवर, तोंडात बडीशेप. तेवढ्यात फाटकातून काकू आल्या. मशीनवर शिवण तसंच टाकून शेअर ऑटोनं आल्या होत्या, केसांत अजून दोऱ्याचे तुकडे. सरांना काही न विचारता त्यांनी मला बाजूला घेतलं. "जुंपले का याईनं?"

मी म्हटलं, काकू, सरांनी नाही जुंपले. आम्ही जुंपले. सरांनी फक्त शेवटी झाकण ठेवलं.

काकूंनी कपाळाला हात लावला आणि माझ्याच शेजारी पायरीवर बसल्या. मी त्यांना सगळं सांगू लागले, कूकरपासून. त्या ऐकत होत्या, मधेच रागावत होत्या, मिठाचं आलं तेव्हा हसायला लागल्या, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या. आमच्या लक्षातही आलं नाही की खोलीचं दार उघडलं आहे.

तज्ज्ञ आधी बाहेर आले आणि तडक सरांकडे गेले. त्यांची गाडी फाटकाशी उभी होती, ड्रायव्हर दार उघडून थांबला होता. "पण मला सांगा, मीठ आधीच जास्त झालेलं असेल, तर झाकण ठेवून काय होणार?" सर उठले, खिशातून दोन्ही खडू काढले आणि पायरीवरच रेघ ओढली. तज्ज्ञ चांगल्या पँटीनिशी खाली उकिडवे बसले. दोन मोठी माणसं त्या रेघेवर अशी वाकली की मातीत कंचे-गोट्या खेळणारी पोरं वाटावीत.

दादाजी सावकाश मागून आले. सरांना ते हाक मारणार होते, पण तिकडचा रंग पाहून थांबले आणि काकूंकडे वळले. म्हणाले, "बाई, कागद मागून निघन. पण माहा शब्द धरून चाला. हे आता इथंच राह्यते. कायमचे."

काकू उभ्या राहिल्या. दादाजींना नमस्कार करायला वाकल्या, अर्ध्यातच सरांकडे पाहिलं. सरांच्या कानावर यातलं काही गेलेलं नव्हतं. ते तज्ज्ञांना सांगत होते की मीठ जास्त झालं तर आलू टाकावा, आणि आता न्यायात आलू कोणता ते आपल्याला शोधायचं आहे.

काकूंनी पदर खोचला.

"मंग दादाजी, आता याईले घरी नेऊ का, का अजून एखादी तासिका बाकी आहे?"

"न्या बाई," दादाजी म्हणाले. "याईच्या तासिका आता कोणी मोजणार नाई."